धारवाडचा ‘एकटा’ मुलगा आणि मोबाइलवरची शाळा

१८५६ सालच्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळा सरकारी, तिचा पैसा रयतेचा आणि त्या रयतेत महारही आलेच. तरीही त्याला दारातून परत पाठवले गेले. मुलगा गप्प बसला नाही, त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जाला मिळालेले उत्तर प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे असे आहे. सरकारने कबूल केले की निव्वळ न्याय पाहिला तर तो अर्जदाराच्या बाजूला आहे. पण युगानुयुगांचे पूर्वग्रह एका किंवा थोड्या व्यक्तींसाठी तडकाफडकी मोडायला गेलो तर शिक्षणाच्या कार्याचेच नुकसान होईल, असे पुढे म्हटले. आणि वर हेही सांगितले की अर्जदाराची ही अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही.

१८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या असल्याचे स्पष्ट केले. कागदावर दार उघडले. प्रत्यक्षात काय झाले? बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने २९ मे १९२८ रोजी सायमन कमिशनला मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन दिले, त्यात हे धारवाड प्रकरण मांडले आहे. सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही त्यांना ते उकरून काढावेसे वाटले, कारण त्यांना सरकारच्या एका उद्दाम उत्तराची तक्रार करायची नव्हती, एक पद्धत दाखवायची होती. तत्त्व मान्य करायचे, मागणारा एकटा आहे असे म्हणायचे आणि दोष आमचा नाही म्हणून हात झटकायचे. कोणालाही शिक्षणाबाहेर ठेवण्याची ही तीन पायऱ्यांची रीत आहे.

आज शाळा मोबाइलवर आली आहे. दीक्षा आणि स्वयम् ही सरकारी व्यासपीठे २०१७ पासून सुरू आहेत. यूट्यूबवर स्पर्धा परीक्षांचे वर्ग आहेत. आपल्या चळवळीचीही ऑनलाइन अभ्यास शिबिरे, व्याख्यानमाला, जयंतीच्या प्रश्नमंजूषा आहेत. या सगळ्यात अंध विद्यार्थ्याने विचारले की ‘तुमची पीडीएफ माझ्या फोनला वाचता येत नाही, काही करा’, तर उत्तर काय मिळते? मागणी रास्त आहे. पण असा विद्यार्थी एखादाच असतो. आणि सॉफ्टवेअर काही आम्ही बनवलेले नाही.

धारवाडचेच उत्तर आहे ना हे?

माझे म्हणणे एवढेच आहे. शिक्षणाचे साधन कसे घडवले आहे, यावर वर्गात कोण बसणार हे ठरते. प्रवेश देणे आणि शिकता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यातले अंतर आपल्याइतके कोणाच्याही इतिहासात नोंदलेले नाही. म्हणून डिजिटल शिक्षण सर्वांना वापरता येईल असे घडवणे हा संगणक अभियंत्यांवर सोडून देण्याचा विषय नाही. तो आपला विषय आहे.

बाबासाहेबांच्याच शाळेकडे पाहा. साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव हजेरीपटावर होते. म्हणजे आकडेवारीत एक अस्पृश्य विद्यार्थी ‘शिकत’ होता. पण बसायला घरून आणलेले गोणपाट, तेही वर्गाच्या कोपऱ्यात. शाळेच्या नोकराला त्या गोणपाटाचाही विटाळ, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे डबे ठेवलेली मुले डबे बाटू नयेत म्हणून धावत सुटली, असा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. संस्कृत घ्यायचे होते ते नाकारले गेले, फारसी घ्यावी लागली. म्हणजे प्रवेश होता, फळा होता, मास्तर होते, पुस्तक होते, आणि या प्रत्येक साधनापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर अडथळा होता. आजच्या तांत्रिक भाषेत ज्याला ‘अॅक्सेसिबिलिटी’ म्हणतात, तो शब्द कानावर पडण्याआधी आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या अभावाचा पूर्ण अभ्यासक्रम पार केला होता.

महात्मा फुल्यांनी हा प्रश्न प्रवेशाच्या पुढे जाऊन मांडला. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी काय काय मागितले ते पुन्हा एकदा वाचा. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी सर्वांना माहीत असते. पण त्याच निवेदनात ते अभ्यासक्रम आणि पुस्तकांवरही बोलतात. मोडी आणि बाळबोध दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोलाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे धडे. खेड्यातला अभ्यासक्रम शहरापेक्षा आटोपशीर असावा, पण व्यवहारोपयोगात कमी नसावा. चालू पुस्तके व्यवहाराला उपयोगी नाहीत, ती नव्याने रचा. शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, म्हणजे ते मुलांत मिसळतील. आणि महार-मांगांची मुले इतरांशेजारी बसू दिली जात नाहीत म्हणून शाळेबाहेर आहेत. पुण्यात त्यांची वस्ती पाच हजारांवर असून शाळा मात्र एक आणि तिच्यात तीसही मुले नाहीत, हेही त्यांनी आकड्यांनिशी सांगितले. शिकणारा कोण आहे, तो कुठे राहतो, त्याची भाषा-लिपी कोणती, त्याला वेळ किती, हे आधी विचारायचे आणि मग साधन घडवायचे. आज परदेशी विद्यापीठांत ‘लर्निंग डिझाइन’ म्हणून हेच शिकवले जाते. त्या अभ्यासक्रमांच्या वाचन-याद्यांत जोतीरावांचे नाव सहसा दिसत नाही, हा भाग वेगळा.

शिकणाऱ्याच्या वेळेचा विचारही आपल्याकडे जुनाच आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते सकाळच्या वेळेत, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून. वेळापत्रक बदलले आणि शेकडो मुलांसाठी महाविद्यालय अस्तित्वात आले. इमारत तीच, विषय तेच. रेकॉर्ड करून ठेवलेला, हवा तेव्हा थांबवता येणारा तास हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे, आणि ‘रात्री आठ वाजता लाइव्ह, नंतर लिंक बंद’ हा त्याच्या उलटा.

आता ‘इंटरॅक्टिव्ह’ या शब्दाकडे येऊ, कारण त्याच्याइतका गैरवापर झालेला शब्द सध्या दुसरा नाही. बटण दाबले की टाळ्या वाजल्या, चित्र हलले, म्हणजे झाले इंटरॅक्टिव्ह! कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू असलेले जॉन ड्यूई यांनी १९१६ च्या ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये मांडले की शिक्षण म्हणजे ओतलेली माहिती नव्हे, अनुभवातून आणि परस्पर देवाणघेवाणीतून ते घडते, जिथे समाजगटांत देवाणघेवाण नाही तिथे लोकशाहीही नाही. ‘जातिनिर्मूलन’ लिहिताना बाबासाहेबांनी ड्यूईंचा आधार घेतला तो याच धाग्याने. म्हणजे शिकणाऱ्याला बोलता येणे, उलट विचारता येणे, स्वतः काही घडवता येणे हा इंटरॅक्टिव्ह शिक्षणाचा गाभा आहे. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवेंचा निबंध छापून आला. चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, आणि ती धर्मालाच प्रश्न विचारते. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या सोलापूरच्या वसतिगृहातील विद्यार्थी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवत होते. माझ्या मते ही आपल्याकडची अस्सल इंटरॅक्टिव्ह साधने. तासभर एकतर्फी व्याख्यान आणि खाली बंद केलेल्या कॉमेंट्स, हे नव्हे.

इथे एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे. आमच्या चळवळीचा प्रश्न जातीचा आहे, अपंगत्वाचा प्रश्न मोठा असला तरी वेगळा आहे, तो कशाला मध्ये आणता? आधी आकडा पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ टक्के होते. कुपोषण, धोक्याची कामे, वेळेवर न मिळणारे उपचार यांचा भार कोणाच्या अंगावर पडतो हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा हा प्रश्न वेगळा नाही, तो आपल्याच वस्तीत राहतो. (मी ‘दिव्यांग’ न म्हणता ‘अपंग’ म्हणतो आहे, तेही जाणीवपूर्वक. हक्क देण्याऐवजी गोंडस नाव देण्याचा प्रयोग आपल्यावर ‘हरिजन’ म्हणून होऊन गेला आहे आणि आपण तो धुडकावला आहे. अपंग चळवळीतल्या अनेकांनीही या नव्या शब्दाला विरोध केला.)

दुसरे उत्तर इतिहासाचे आहे. अपंगांना मिळालेले शिक्षणाचे हक्क कोणाच्या दयेतून आलेले नाहीत.

लुई ब्रेल हा खोगीर-लगाम शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाच्या दुकानात खेळताना हत्यार डोळ्याला लागले आणि तो आंधळा झाला. पॅरिसच्या अंधशाळेत शिकायला गेला तेव्हा तिथे उठावाची रोमन अक्षरे होती. म्हणजे डोळस माणसांचीच अक्षरे कागदावर फुगवून ठेवलेली. बोटांनी ती वाचायला फार वेळ लागे आणि लिहिणे तर जवळपास अशक्य. पण डोळस शिक्षकांना ती सोयीची होती, त्यांना ती वाचता येत. ब्रेलने १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली. वाचताही येते, लिहिताही येते. शाळेने काय केले? १८४० नंतर काही काळ तिच्यावर बंदीच घातली. मुले चोरून ती वापरत राहिली. ब्रेल १८५२ मध्ये वारला आणि शाळेने लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ मध्ये. आपल्या देशातील भाषांसाठी एकसमान भारती ब्रेल ठरायला १९५१ साल उजाडले. बोटांनी वाचणाऱ्याचे साधन डोळ्यांनी वाचणाऱ्याने ठरवले की काय होते, त्याचा हा नमुना. कर्णबधिरांच्या बाबतीत तर १८८० च्या मिलान परिषदेत बहुतेक सगळ्या ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी ठराव करून शाळांतून खुणांची भाषा हद्दपार केली, आणि त्याची फळे पुढच्या कित्येक पिढ्यांनी भोगली. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच केले पाहिजे असा आग्रह धरला होता. तो आग्रह मतदारसंघापुरता नाही. साधन घडवणाऱ्या खोलीत कोण बसले आहे, इथेही तोच लागू होतो.

दुसरा प्रसंग अमेरिकेतला आहे आणि तो आपल्या तरुणांना फारसा सांगितला जात नाही. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचे एक छोटे कलम होते. सरकारी पैसा घेणारी कोणतीही संस्था अपंग व्यक्तीला केवळ अपंगत्वामुळे वगळू शकणार नाही, असे ते कलम. त्याची शब्दरचना बेतली होती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यावर, म्हणजे काळ्या लोकांनी लढून मिळवलेल्या कायद्यावर. पण नियम निघेनात. चार वर्षे गेली. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत शंभराहून अधिक अपंग स्त्री-पुरुष केंद्र सरकारच्या इमारतीत शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. कोणी व्हीलचेअरवर, कोणी अंध, कोणी कर्णबधिर. औषधे नाहीत, गाद्या नाहीत, मदतनीस अपुरे. जवळपास चार आठवडे ते बसून राहिले. त्यांना रोज गरम जेवण आणून देणारे कोण होते माहीत आहे? ब्लॅक पँथर पार्टी. पँथर्सचा एक कार्यकर्ता, ब्रॅड लोमॅक्स, स्वतः व्हीलचेअरवर त्या धरण्यात होता. २८ एप्रिलला मंत्र्यांनी नियमांवर सही केली. आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या पँथर्सना हा प्रश्न वेगळा वाटला नाही. उताराच्या पदपथापासून ते पडद्यावर उमटणाऱ्या संवादांपर्यंत आज जे जगभर दिसते, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची पाळेमुळे अशा धरण्यांत आहेत. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीची पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये आली.

आपल्या देशातला कायदा थोडक्यात सांगतो. २०१६ चा अपंग व्यक्ती हक्क कायदा मुद्रित, ध्वनी आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर अपंगांना वापरता येईल अशा रूपात असावा असे सांगतो. त्याखालचा सुगम्यतेचा नियम फक्त शिफारशीच्या स्वरूपाचा ठेवला होता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी खटल्यात तो बेकायदा ठरवला आणि बंधनकारक निकष करण्यास सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. म्हणजे संविधानाचे हत्यार हातात आहे. कायदा असूनही अंमल नाही, हे आपल्याला नवे नाही.

आता मराठीकडे येतो, कारण आपले सर्वांत मोठे कुलूप इथे आहे आणि त्याची किल्ली बरीचशी आपल्याच हातात आहे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पण आपली छपाई, आपली नियतकालिके, पुस्तिका, पत्रके कित्येक वर्षे जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये झाली. काही ठिकाणी अजूनही होतात. या जुन्या फाँटची गंमत अशी की पडद्यावर ‘भीम’ दिसते, पण संगणकाच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फाँट म्हणजे त्यावर चढवलेला मराठी मुखवटा. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक पडत नाही. अंध वाचक मात्र स्क्रीन रीडर वापरतो, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर. ते मुखवटा पाहत नाही, पोटातले वाचते. परिणामी बाबासाहेबांचे भाषण म्हणून त्याला काही अर्थहीन इंग्रजी अक्षरांची माळ ऐकू येते. त्याच मजकुरात शोध घेता येत नाही, भाषांतर होत नाही, तो मोठा करून मोबाइलच्या रुंदीत बसवता येत नाही. म्हणजे नुकसान फक्त अंधांचे नाही.

स्कॅन केलेल्या पीडीएफची गोष्ट याहून वाईट. ती तर पानाचा फोटो असते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला प्रसिद्ध केला, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्या खंडांच्या आणि जुन्या अंकांच्या स्कॅन प्रती आज प्रत्येक व्हॉट्सअॅप गटात फिरतात. चांगलेच आहे. पण अंध भीमसैनिकाच्या फोनवर शेकडो पानांचा खंड उघडला की फोन गप्प. जयंतीला आपण सुविचारांची चित्रे पाठवतो, निळ्या रंगावर सोनेरी अक्षरे, आणि त्याचा फोन फक्त ‘फोटो’ एवढेच सांगतो. ज्या माणसाने ‘मूकनायक’ काढून मुक्यांना आवाज दिला, त्याचेच शब्द आपण आवाजात न उतरणारे करून ठेवले आहेत.

हे दुरुस्त करायला कोणाची परवानगी हवी? फारशी नाही. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखनाचा कॉपीराइट २०१७ च्या सुरुवातीपासून संपला आहे. अनुवादांचे आणि त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या काही लेखनाचे तसे नाही. पण तिथेही २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपवाद आणला आहे, ज्यानुसार अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा रूपात कोणतेही प्रकाशित पुस्तक नफा न कमावता रूपांतरित करता येते. अंधांसाठी पुस्तके खुली करणारा मराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला २०१४ मध्ये मान्यता देणारा जगातला पहिला देश भारत होता. प्रतिमेतून अक्षरे ओळखणारी सॉफ्टवेअर आता मराठीतही चालतात. चुका राहतात, जोडाक्षरे तुटतात, ‘बहिष्कृत’चे भलतेच काही होते, पण त्या माणसाने बसून दुरुस्त करायच्या असतात. प्रत्येक वसतिगृहातील दहा मुलांनी आठवड्याला पाच पाने तपासली तर वर्षाला किती होतात, हिशेब तुम्हीच करा. शिवाय पाने तपासता तपासता ती वाचून होतील, जे नुसत्या फॉरवर्डने होत नाही.

विंडोजवर चालणारा ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध तरुणांनी सुरू केला. महागडे सॉफ्टवेअर सर्वांना परवडत नव्हते म्हणून त्यांनी ते स्वतः लिहिले आणि फुकट वाटले. आज मराठीही त्यातून ऐकता येते. अत्त दीप भव म्हणजे आणखी काय असते?

राहिली प्रश्नमंजूषा. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे ऑनलाइन प्रश्नमंजूषांचा पूर येतो, शेवटी प्रमाणपत्रही मिळते. त्यातल्या बहुतेकांत बरोबर उत्तर हिरवे, चूक लाल. ज्याला हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्याने काय समजायचे? ‘बरोबर’, ‘चूक’ असे शब्द लिहायला किती खर्च येतो? घटना आणि साल यांच्या जोड्या बोटाने ओढून लावायच्या असतात. ज्याचा हात थरथरतो, जो माउसशिवाय फक्त कीबोर्डवर काम करतो, तो तिथेच अडकतो. साधी यादी देऊन निवडायला सांगितले तर ज्ञानाची परीक्षा तीच राहते. तीस सेकंदांचा टाइमर तर हद्द आहे. महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला हे माहीत असण्याचा आणि बोट चपळ असण्याचा संबंध काय? हळू वाचणारा, नुकताच वाचायला शिकलेला, आवाजात ऐकून उत्तर देणारा, घरातला एकुलता फोन भावाकडून मागून घेतलेली मुलगी, हे सगळे त्या टाइमरने बाद होतात. व्याख्यानाच्या व्हिडिओला मराठीत उपशीर्षके दिली की कर्णबधिर मुलाला तर कळतेच, पण एकाच खोलीत सहा माणसे राहतात त्या घरातल्या मुलालाही आवाज बंद ठेवून पाहता येते. व्हिडिओबरोबर लिखित मजकूर दिला तर डेटा संपलेल्यालाही वाचता येतो.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हिशेब असा होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२ टक्के. संगणक तर ग्रामीण भागात चार टक्क्यांच्या आसपास. हे आकडे सरकारकडे होते आणि तरी वर्ग थेट व्हिडिओवर गेले. मेळघाटातल्या कोरकू मुलाला किंवा नंदुरबारच्या भिली बोलणाऱ्या मुलीला त्या व्हिडिओतली पुणेरी मराठी किती कळली, हा प्रश्न तर कोणी विचारलाही नाही. आता फोन वाढले आहेत, डेटा स्वस्त झाला आहे, म्हणून प्रश्न मिटला असे समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी १८५८ नंतरचा व्हरांडा आठवावा. दार उघडल्यावरही आपल्या मुलांना कितीतरी ठिकाणी व्हरांड्यात बसून, खिडकीतून येईल तेवढे शिकावे लागले होते.

खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. इमारत बांधून झाल्यावर उतार करायला खर्च येतो, नकाशातच तो असेल तर फारसा येत नाही. युनिकोडमध्ये टाइप करणे, मथळ्याला मथळा म्हणूनच नोंदवणे, चित्राखाली दोन ओळींचे वर्णन देणे, पान कीबोर्डने चालते का ते पाहणे, याला पैसे लागत नाहीत. लागते ते आधी विचारणे. आणि हे सगळे झाल्यावर ते साधन प्रत्यक्ष वापरून पाहायला अंध, कर्णबधिर, पहिल्या पिढीतला शिकणारा, रोजंदारीवरून रात्री घरी आलेला कार्यकर्ता यांना बोलवा, आणि त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या सुरुवात करण्याआधी करा, उद्घाटन उरकल्यावर नव्हे. येत्या ६ डिसेंबरच्या प्रश्नमंजूषेचे काम ज्यांच्याकडे असेल त्यांनी टॉकबॅक सुरू करून, पडद्यावर रुमाल टाकून, स्वतःची प्रश्नमंजूषा एकदा शेवटपर्यंत सोडवून पाहावी. कोणत्या प्रश्नावर अडकलात ते गटात लिहा, तिथूनच दुरुस्तीची यादी तयार होईल.